अडथळ्यांचा रकाना

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आणि गंमत बघा – जे लपवलं, तीच गोष्ट मी दरवर्षी रत्नागिरीतल्या माझ्या नर्सिंगच्या मुलींना वर्गात रंगवून सांगते. फक्त ती खोटी सांगते.

गोष्ट रेहानाची. नाटे गावची पहिलटकरीण, नवरा कुवेतला. बाळ पावणेदोन किलोचं, ओढून प्यायची ताकद नाही. मी तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते आणि प्रबंधासाठी बाळंतिणींच्या सेवेत आरोग्य संवर्धनाचा सिद्धांत वापरून बघत होते. सिद्धांत चांगलाच आहे हो, आजही मनापासून शिकवते. आईला हुकूम सोडायचे नाहीत. तिला काय जमेलसं वाटतं, काय आड येतं, घरातलं कोण पाठीशी आहे – हे तिलाच विचारायचं आणि तिथून पुढे जायचं.

आणि मी काय केलं? तिची उत्तरं लिहायचा तक्ता तिला भेटायच्या आदल्या दिवशीच होस्टेलवर भरून ठेवला. 'अडथळे' या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं – सासू. तिला मी पाहिलंही नव्हतं. पण सासू म्हणजे पहिलं पिवळं दूध, चीक, काढून टाकायला लावणार आणि बाळाला मध चाटवणार – हे मी लांज्यात आमच्याच घरी पाहिलेलं. मग नाट्याची सासू वेगळी कशाला असेल?

दर दोन तासांनी रेहानाजवळ बसायचं, हाताने दूध काढून वाटी-चमच्याने कसं पाजायचं ते दाखवायचं, हे माझं काम. सकाळी दहा मिनिटं बसले. बाळ तोंड लावेना, ती घामाघूम झालेली. वाटी-चमचा मी काढलाच नाही. मी म्हणाले – लिहिताना हात थांबतोय, पण म्हणाले – "तुमच्याकडून नाही व्हायचं. डब्याचं दूध आणा." आणि तक्ते उतरवून काढायला निघून गेले.

दुपारी परत आले ती दारातच थांबले. रेहाना उशीला टेकून बोटांनी छाती दाबत होती. सासू – बारकीशी बाई, मासळी साफ करून करून बोटांना चिरा पडलेल्या – उकळून घेतलेला चमचा खाली धरून बसली होती. एक थेंब. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग आणखी एक. तो पिवळा थेंब तिने बाळाच्या ओठाला लावला आणि थांबली. बाळाची इवलीशी जीभ बाहेर आली. चमचा पुन्हा खाली गेला. सुनेला ती हळूच म्हणाली, "येतंय गो. त्याला घाय नाय, आपल्याला कशाला?"

पंधरा वर्षं झाली मला या कामात. किती बाळंतपणं पाहिली, मोजदाद नाही. त्या दुपारइतकं मोठं काही पाहिलेलं नाही. माझ्या पुस्तकातलं पान न् पान त्या खाटेवर चाललं होतं – कुणी न शिकवता, मी नको म्हटलेलं असताना. दारात उभी राहून मला पायातल्या चपला काढाव्याशा वाटल्या.

दोन दिवस त्या दोघींनी ते केलं. तिसऱ्या दिवशी बाळ स्वतः ओढायला लागलं. राऊंडला आमच्या मॅडम आल्या, बघून खूश झाल्या. "वाटी-चमच्याचं कुणी शिकवलं हो?"

सासूने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातला तक्ता, माझा पडलेला चेहरा – तिला काय कळायचं ते कळलं असावं.

"ह्या पोरीनंच दाखवलान," ती म्हणाली.

मी मान हलवली. हो म्हणून.

नाही म्हणायला किती वेळ लागला असता? मला सावरून घेणारी बाई समोर उभी होती, आणि तिचं देणं मी निमूट खिशात घातलं. वर प्रबंधात लिहिलं, की समुपदेशनामुळे सासूचा अडथळा दूर झाला. प्रबंध पहिला आला. त्यावर पुढे ही नोकरीही मिळाली.

त्या दोन दिवसांत मी कितीदा त्या खाटेशी जाऊन चोरून बघत राहिले. सासूचं नाव मात्र विचारलं नाही. आजही मला ते ठाऊक नाही.