तंबूतला उडणारा माणूस

आमच्या पनवेलच्या बाजारातला सायकलवाला माणसाकडे बघून कधी बोलत नसे, त्याच्या सायकलकडे बघून बोले. एका बुधवारी संध्याकाळी पंक्चर काढून झाल्यावर तो माझ्या चाकालाच म्हणाला, "मास्तर, तंबूत उडनारा मानूस आलाय. चला." असले सिनेमे बघू नका, असं मी त्याच दुपारी सातवीच्या वर्गाला बजावलं होतं, म्हणून कानटोपी नाकापर्यंत ओढून गेलो.

मुखवटा घातलेला नायक उडाला की मी शेजारी कुजबुजे, "ती बघा तार. लटकवलाय त्याला." सायकलवाला नुसतं "हां" म्हणे. नायक ऐन नदीवर असताना तंबूबाहेरचं विजेचं इंजिन बंद पडलं. शिट्ट्या सुरू झाल्या. सायकलवाला उठून बाहेर गेला, त्याने इंजिन चालू केलं आणि ते पुन्हा बंद पडू नये म्हणून खेळ संपेपर्यंत तिथेच बसून राहिला.

परतताना त्याने विचारलं, "मंग? गेला का नदीपार?"

सायकल त्याच्या हातात देऊन, दोन्ही हात पसरून, मी भर रस्त्यात नदी ओलांडून दाखवली. कानटोपी कधी पडली कळलंच नाही.

"आन् ती तार?" त्याने माझ्या सायकलला विचारलं.

"कसली तार?" मी म्हणालो.