फुगलेली बॅटरी

आमच्या गल्लीतले बंद पडलेले मोबाइल आणि चार्जर गोळा करायचं काम माझ्याकडे आहे. काल शेजारच्या सुनंदाने आणलेल्या मोबाइलची बॅटरी पुरीसारखी टम्म फुगली होती आणि हाताला चांगलीच गरम लागत होती. मी ती वाळूच्या घमेल्यात ठेवली आणि म्हटलं, "कचऱ्याची गाडी येईपर्यंत लांब कुठेतरी ठेवून ये."

सुनंदा घमेलं घेऊन निघाली.

"इथं नको गं बाई, दारातच सिलिंडर आहे!" पहिल्याच घरातून शेवंतामावशी ओरडल्या.

पुढच्या घरातून आवाज आला, "आत बाळंतीण आहे, पुढे जा!"

"मग काय डोक्यावर घेऊन बसू?" सुनंदा म्हणाली.

वस्तू घरातून गेली की ती संपली, असं आपण धरून चालतो. पण भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीत आपल्या दारातून निघालेली वस्तू दुसऱ्याच्या उंबऱ्याशीच पोचते.

दोन्ही बाजूंची दारं लागत गेली. सुनंदा गल्लीच्या मधोमध उभी राहिली, तोंड फिरवून, घमेलं अंगापासून जमेल तितकं दूर धरून. मी सांगितलेलं 'लांब' आमच्या गल्लीत तेवढंच होतं, तिच्या हातांएवढं.