बत्तीसचे आठ

कुमुद मॅडमची आणि माझी पहिली गाठ पडली ती भांडणातच. मी नाशकात झेंडू विकते. माझी लेक पोटुशी होती, सासरी रक्त तपासलं तर सिफिलिस निघाला. सासूनं तिला बॅगेसकट माझ्या दारात आणून सोडलं. मी तिला घेऊन मॅडमच्या दवाखान्यात शिरले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "माझी पोरगी तशी नाय."

मॅडम कडाडल्या, "तशी म्हणजे कशी? आजार आहे, त्यावर इंजेक्शनं आहेत. नवरा कुठंय हिचा?"

माझे मालक गेल्यापासून माझी बोलती कुणी बंद केली नव्हती, ती मॅडमनी केली.

आता त्यांच्या पंचाहत्तरीच्या पुस्तकासाठी दवाखान्यातली माणसं मला म्हणाली, मावशी, मॅडमच्या मायेबद्दल लिहा. मायेबद्दल डॉक्टरलोक लिहितील. मी रागाबद्दल लिहिणार. लेकीला विचारूनच लिहितेय.

पेनिसिलिनची इंजेक्शनं झाली. बाळ सुखरूप आलं, मॅडमनी त्याचंही रक्त बघून घेतलं. लेकीच्या रक्तातला आजाराचा आकडा बत्तीस होता, तो पुढं आठवर आला. "औषध लागू पडलं," मॅडम म्हणाल्या. मी गल्लीत पेढे वाटले, कशाचे ते सांगितलं नाय.

तर विहीणबाईंची अट, नांदायला यायच्या आधी आमच्या लॅबमध्ये रक्त द्यायचं. त्या लॅबनं दुसरीच टेस्ट केली. पॉझिटिव्ह! कागद नाचवत विहीणबाई जावयाला घेऊन थेट दवाखान्यात. "हिची घाण गेलीच नाय. बाळ आम्ही नेणार, हिला नाय!"

माझं तर डोकंच फिरलं. मॅडमनी आधी लेकीला विचारलं, "यांच्यासमोर बोलू?" ती म्हणाली, "बोला."

"ही टेस्ट आजार कधीतरी झाला होता एवढंच सांगते. बहुतेकांची ती जन्मभर पॉझिटिव्ह राहते. तुमच्या हातावर गोंदण आहे, म्हणून सुई अजून टोचतेय का? औषध लागू पडलं का, ते आकडा सांगतो. बत्तीसचे सोळा, सोळाचे आठ. इतका उतरला की चांगलं. शून्यच व्हावा असं नाही. पुन्हा तसाच वर चढला, तर काळजी."

मी म्हटलं, "विहीणबाई, कांद्याचा भाव उतरलेला तर लगेच कळतो तुम्हाला!"

मॅडम जावयाकडं वळल्या. "आणि तुम्ही इंजेक्शनं घेतलीत?" जावईबापू मोबाईलमध्ये घुसले.

"पुरुषमाणसाला कशाला लागतंय ते?" विहीणबाई म्हणाल्या.

मॅडमनी टेबलावर असा हात आपटला की पाण्याचा ग्लास कलंडला. "जिनं औषध घेतलं तिला घाण म्हणता? हा बिनऔषधाचा फिरतोय! याच्याजवळ पाठवलीत तर तिला पुन्हा होईल. मग पुन्हा तिलाच बोल लावाल!"

विहीणबाईंनी कलंडलेला ग्लास उचलून उभा केला. मग हळूच म्हणाल्या, "बरं, चल गं घरी. बाळाला घे."

माझी लेक कधी मोठ्यानं बोललेली नाय. त्या दिवशी म्हणाली, "आधी ह्यांचा आकडा उतरू द्या, मग बघते. बाळ माझ्याजवळ राहील."

जावईबापूंनी इंजेक्शनं घेतलीत. त्यांना पुढचं रक्त अजून द्यायचं हाय, आणि धाक एकट्या मॅडमचा. तेव्हा मॅडम, तुम्ही लय वर्षं जगलं पाहिजे. गुडघे सांभाळा, साखर सांभाळा. राग तेवढा सांभाळू नका, तो आम्हाला लागतो.