दोरा सुटलेला लवंगीचा डबा

गुरम्माक्काच्या लवंगी तिखटाच्या डब्याला बांधलेला काळा दोरा मी सोडला आणि त्या जागी कागद चिकटवला : 'लवंगी'. शेजारच्या डब्यावर 'ब्याडगी'. माढ्याच्या शाळेत माझ्या अक्षराला बक्षीस होतं. अक्काला वाचता येत नाही हे ठाऊक होतं, पण ऐन वेळी हुशारी आड आली.

साल चौऱ्याहत्तर. मी सोलापुरात सुताच्या पेढीवर कारकून, जेवायला अक्काच्या खानावळीत. नवरा सोमलिंग गेल्यापासून ती चुलीवरच जगलेली. आमटीत ब्याडगी पाच चमचे, रंगाला. लवंगी अर्धाच, जाळाला. डोळे भाकरीवर, डबा ओळखायचा बोटांनी. दोरा लागला की लवंगी.

त्या दुपारी मिलचे बारा कामगार चव बघायला यायचे होते. गेल्या खेपेला त्यांचा मुकादम रेवणसिद्ध "आमटी सपक हाय" म्हणून उठला होता. आज जमलं तर बारा ताटं कायमची. नाही तर खानावळ बंद करून अक्काला गावी न्यायला तिचा कुंभारीचा भाऊ टपलेलाच.

तिनं बिनदोऱ्याच्या डब्यातून पाच चमचे घातले. मग दुसरा चाचपला. त्यालाही दोरा नाही! तेवढ्यात ठसका उठला. पलीकडच्या बोळातही लोक खोकू लागले.

"तम्मा, दोरा कुटं गेला रं?"

"सोडला अक्का. नाव लिवलंय की."

"माझ्या बोटाला वाचता येतंय व्हय? अय्यो शिवने!"

दुसरी आमटी करायला वेळ नव्हता. शेजारच्या पार्वतम्माकडून मी मापटंभर भाजलेले शेंगदाणे उसने आणले, "सांजच्याला देतो" म्हणून. मी कुटत होतो, अक्का मूठमूठ टाकत होती, मधूनच गुळाचा खडा.

"चाख. कसं हाय?"

माझ्या कानातून वाफ निघाली. मी पाण्याच्या तांब्याकडे बोट दाखवलं.

"शिकलेला मानूस, बोल की!" म्हणत तिनं आणखी दोन मुठी टाकल्या.

बारा जण बसले. पहिला घास गेला. रेवणसिद्धच्या टकलावर घाम फुटला. अक्का पदराला पीळ घालत दारात उभी. त्यानं तांब्या रिकामा केला, नाक पुसलं.

"अक्का, ही आमटी! उद्यापासनं बारा ताटं. पन हीच पायजे. जरा उतरली की आमी चाललो."

मी मांडीवर थाप मारली. अक्काचा चेहरा मात्र पांढरा पडला. ते गेल्यावर म्हणाली, "हीच म्हंजी किती रं? भ्यालेल्या हातानं टाकलंय मी. मुठी मोजल्या कुनी?"

सकाळी लवंगीच्या डब्याला पुन्हा दोरा होता, चांगल्या तीन गाठींचा. अक्का चुलीपुढे बसून हवेतच मुठी सोडत होती, मोजत होती, चुकत होती.

"एवडं नक्की, दानं मापटंभर लागलं. जा, तसलंच आन."

पार्वतम्मा दारातच होती. "आलास? आन कालचं मापटं."

मी रिकामं मापटं पाठीमागं धरलं.