भिंतीवरच्या बायकांची झील

माझ्या नवऱ्याला गावात कुणी शहाणा म्हणणार नाही, पण त्याच्या गळ्याला नाव ठेवायची कुणाची छाती नाही. लिबोरिओ त्याचं नाव. सिसिलीच्या या टोकाला, ट्रापानीच्या पलीकडे, कुप्यांचं मोठं जाळं लागायचं तेव्हा गाणं तो उचलायचा. कुपा म्हणजे तोच मासा, जो शहरातले लोक ट्यूना म्हणून डब्यातून खातात. होडीच्या कडेला उभं राहून हा ओळ टाकायचा, बाकीचे गडी झील धरायचे, आणि झिलीसरशी दोर ओढला जाऊन जाळं वर यायचं. भरलेलं जाळं नुसत्या दंडांनी उचलत नाही. सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागावा लागतो, आणि तो गाण्यानेच लागायचा.

आम्ही बायका होडीत नसायचो. बाईचा हात दोराला लागला तर कुपे उलटे फिरतात, असं तांडेलापासून, म्हणजे होडीच्या म्होरक्यापासून, पोरासोरांपर्यंत सगळे मानायचे. आमची जागा धक्क्याच्या भिंतीवर. काय त्या मे महिन्यातल्या सकाळी होत्या! मांडीवर वाटाणे सोलायचे, तोंडाने एकमेकींची उणीदुणी काढायची आणि कान समुद्राकडे. जाळं किनाऱ्यापासून जवळच, गाण्यातला शब्द न् शब्द वाऱ्याबरोबर यायचा. गाणं भरभर आलं तर जाळं हलकं, म्हणजे दिवस फुकट. ते रेंगाळलं, एकेका ओळीला दम लागायला लागला, की माझी मैत्रीण बेनेदेत्ता वाटाणे टाकून उठायची आणि कुपे उकडायच्या भट्ट्या पेटवायला सांगायची. कढया तापायला वेळ लागतो ना. होड्या धक्क्याला लागायच्या आत पाणी उकळत असायचं.

गाण्यात आधी संत यायचे, मग टवाळी. जो दोर ढिला सोडील त्याचं नाव घेऊन लिबोरिओ त्याची अब्रू काढायचा, आणि सगळ्यांबरोबर त्या बापड्यालाही झील धरावी लागायची. बेनेदेत्ताचा नवरा बियाजो तर त्याचं हक्काचं गिऱ्हाईक. बियाजोचा आवाज असा, की विहिरीतून कुणी बोलतंय. त्याचं नाव आलं की भिंतीवर बेनेदेत्ता लाजायची आणि फुशारूनही जायची. खरं सांगू? मला तिचा हेवा वाटायचा. माझा नवरा साऱ्या गावाची नावं घ्यायचा, पण माझं नाव त्या गाण्यात यायचा प्रश्नच नव्हता.

मग कुपे कमी झाले आणि जाळं लागायचंच बंद झालं. होड्या भट्टीच्या आवारात उपड्या पडल्या. गडी काही मिलानच्या कारखान्यांत गेले, काही कबरीत. बियाजोही वारला. झील धरणारा गावात एक उरला नाही.

गेल्या उन्हाळ्यात नगरपालिकेतली मारीका आमच्याकडे आली. गोड पोरगी, आमच्याच गल्लीत वाढलेली. ऑगस्टातल्या दर शनिवारी संध्याकाळी जुन्या भट्टीत लिबोरिओने समुद्रावरच्या गोष्टी सांगाव्यात, गाणं म्हणावं, असं तिच्या मनात होतं. झील धरायला ती पालेर्मोहून गाणारी मुलं आणणार होती. आमचा बुवा हरखलाच. न्हाव्याकडे गेला, लग्नातला कोट काढला, तो पोटावर बसेना तेव्हा त्याचं खापर माझ्या स्वयंपाकावर फोडलं.

पहिल्या शनिवारी गोष्टी काय रंगल्या म्हणून सांगू! तांडेल समुद्रात पडला आणि त्याच्याआधी त्याची टोपी वर आली, ही गोष्ट ऐकून ऐकून माझे कान किटलेत, तरी मी हसले. मग गाण्याची वेळ झाली. मारीकाने त्याला खुर्ची दिली, पुढ्यात माइक ठेवला. त्याने ओळ टाकली. मुलांनी हात पाठीमागे बांधून सुरेख झील धरली. दुसरी ओळ अडखळली. तिसरी आलीच नाही. तो आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिला. लोकांना वाटलं गाणं संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर कोट खुर्चीवर फेकून तो म्हणाला, दोराला वजन आल्याशिवाय पुढची ओळ येत नाही. शब्द डोक्यात कधी नव्हतेच, दंडात होते. मुलं गोड गातात, पण त्या झिलीने कागदसुद्धा हलायचा नाही. आपण गेलो की गाणं गेलं, असं म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपला. पुढच्या शनिवारी तो गेलाच नाही. मारीका समजूत घालायला येऊन गेली. शेवटच्या शनिवारीही गाणं झालं नाही तर पुढच्या वर्षी नुसती चित्रं लावावी लागतील, म्हणाली. तिचाही नाइलाज होता.

मला त्याची दया आली आणि रागही आला. दया लवकर संपली. एका दुपारी कुसकुसाचं ताट त्याच्यापुढे आपटून मी म्हटलं, "झील आम्हाला येते."

"आम्हाला म्हणजे कुणाला?"

"मला. बेनेदेत्ताला. भिंतीवरच्या सगळ्यांना. जन्मभर दुसरं काय ऐकलंय?"

"बाईचा हात दोराला लागला तर कुपे फिरतात, निन्फा."

"कुठले कुपे रे? जाळं नाही, मासे नाहीत, तांडेल मातीत गेला. आता कोण फिरायचं राहिलंय?"

त्याने चमचा खाली ठेवला. मग पुन्हा उचलून ताट चाटूनपुसून संपवलं आणि भट्टीकडे चालता झाला. मला वाटलं, रुसला. संध्याकाळी परत आला तेव्हा त्याचे हात वंगणाने काळे झाले होते.

शेवटच्या शनिवारी खुर्ची नव्हती. आवारात एक लहानशी काळी होडी वंगण लावलेल्या ओंडक्यांवर सुलटी उभी केली होती आणि तिला दोर बांधला होता. लिबोरिओ बाह्या सरसावून होडीच्या कडेला उभा राहिला. आम्ही बायका चपला काढून दोराला लागलो. कुणाचे गुडघे दुखत होते, कुणाची पाठ, बेनेदेत्ता तर काठी टाकून आली होती. दोराला हात लावण्याआधी मी क्रूसाची खूण केली, खोटं कशाला बोलू. जन्मभर मीही तेच मानत आले होते.

त्याने ओळ टाकली. आम्ही झील धरली आणि ओढलं. होडी ढिम्म हलेना. पण दोर ताठ झाला, आणि त्या ताठ दोराकडे बघता बघता त्याचा आवाज उघडला. दुसरी ओळ आली, तिसरी आली, संत आंतोनी, संत पिएत्रो, सगळे रांगेने आले. गाणं रेंगाळायला लागलं, एकेका ओळीला दम लागायला लागला. ते भरल्या जाळ्याचं गाणं होतं. बेनेदेत्ता रडत होती आणि ओढत होती. बियाजोचा खालचा सूर तिनेच धरला होता. ओंडके करकरले आणि होडी वीतभर पुढे सरकली.

मग टवाळी सुरू झाली. मी बियाजोच्या नावाची वाट बघत होते, ती ओळ मला पाठ होती. लिबोरिओने मान वळवली, माझ्याकडे बघितलं आणि ओळ टाकली.

"दोर कुणाचा ढिला गं? निन्फाचा ढिला! भिंतीवर बसून लाडावली!"

बायकांनी आवार दणाणून सोडलं. झील मलाही धरायला हवी होती, तसा नियमच आहे. पण मी दोर धरून नुसती त्याच्याकडे बघत राहिले. बेनेदेत्ताने मला कोपराने ढोसलं, "ओढ गं, तुझंच नाव आलंय." मग मी सगळं अंग मागे टाकून ओढलं आणि माझ्या नावाची झील धरली.