हिरव्या मांडवातली कंपनी

ते प्रकरण आठवलं की आजही आधी हसू येतं, आणि तेही स्वतःचंच. तेव्हा मी जालना जिल्ह्यातल्या एका ठाण्याची प्रभारी अधिकारी होते. नाकावर काळा चष्मा, चालण्यात ऐट. गुन्हेगार मला किती घाबरायचे ठाऊक नाही, आरशाला मात्र माझा कंटाळा आला असेल. तो रुबाब आता नातवंडांवरही चालत नाही.

एका सकाळी ठाणे अंमलदाराने वर्दी दिली, एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या संचालक तक्रार द्यायला आल्यात. मी टोपी सारखी केली आणि त्यांची गाडी बघायला बाहेर डोकावले. बाकावर वाटूरकडची एक शेतकरीण तेवढी बसली होती.

"संचालक कुठायत?"

"म्याच ती," ती म्हणाली, "पण ती म्या न्हाई, म्याडम!"

बोलली ते खरंच होतं. जावेसोबत डाळ मिलची छोटी कंपनी काढायला ती गेली, तर तिच्या नावावर एक कंपनी आधीच निघालेली. त्या कंपनीने खोटी बिलं फाडली आणि जीएसटी बुडवल्याची नोटीस हिच्या दारात आली. नाव मोकळं झाल्याशिवाय स्वतःची कंपनी होणार नव्हती.

"मशीन बी बघून ठिवलंय वो," नोटिशीची घडी घालत ती म्हणाली.

फसवणुकीचा गुन्हा नोंदवून मी कर कार्यालयाकडून नोंदणीची कागदपत्रं मागवली. तिचं आधार, लाइट बिल आणि कंपनीच्या 'कार्यालयाचा' फोटो. फोटोत तिच्याच घराचं दार, वर कंपनीची पाटी. मी भिंग घेऊन पाटीची अक्षरं तपासत बसले. मोठी हुशार! बऱ्याच वेळाने दिसलं, दारापुढे मांडव होता आणि त्यावरचे डहाळे हिरवेगार. फोटो तिला दाखवला.

"ह्यो तर लेकीच्या हळदीचा मांडव! सांजच्याला डहाळे पार मलूल झाल्ते. मंग ह्यो सकाळचाच. तवा आम्ही समदे वाजंत्री घिऊन मारुतीला गेल्तो."

"घरी कोण होतं?"

"सासूबाई."

सासूबाईंना बिलकुल आठवत होतं. "फोटोवाला आल्ता की. पाटी लावली, फोटू काढला, पाटी काढून नेली. म्या म्हनलं, आजकाल लग्नात कायबी निघालंय."

लग्नाच्या दिवसापुरता ठरवलेला हा फोटोवाला फाट्यावर ऑनलाइन सेंटरही चालवायचा. लेकीच्या लग्नाच्या नोंदणीसाठी हिने आपलं आधार आणि लाइट बिल त्याच्याकडेच दिलं होतं. चौकशीत मात्र तो पक्का. "हळदीला म्या त्या गावात गेलोच न्हाई." मी टेबलावर मूठ आपटली. त्याचं काही हललं नाही, माझा चहा तेवढा फायलीवर सांडला. शेवटी सासूबाईंना समोर बसवलं.

"का रं मुडद्या, माझ्या हातचा चहा पेलास, वर अजून साखर मागितलीस, अन् आलाच न्हाईस व्हय?"

त्याची मान खाली गेली. त्याच्या दुकानाच्या माळ्यावर पाटी सापडली. त्याला पैसे देऊन हे करवणाऱ्या कर सल्लागारालाही आम्ही उचललं.

आमचा अहवाल गेल्यावरही तिला बरेच खेटे पडले, पण नाव मोकळं झालं आणि खरी कंपनी निघाली. मग एक दिवस ती पेढे घेऊन ठाण्यात आली.

"लेकीकडं गोड बातमी?" मी विचारलं.

"न्हाई वो. पह्यला जीएसटी भरला!"

इतक्या वर्षांच्या नोकरीत कर भरून पेढे वाटणारी ही एकच बाई पाहिली. माणसं कराला भितात असं मी समजत होते. खरी भीती दुसऱ्याच्या धंद्याचा जाब द्यावा लागण्याची असते. धंदा आपला असला, की माणूस कर भरल्याचं चलनसुद्धा मिरवतो.

"फुडच्या महिन्यात बी भरायचाय," जाताना ती म्हणाली, लेक माहेरी येणार असावी तशा सुरात.