एकदाच विचारलेली येळवस

मी नेतृत्वाचा ऑनलाइन कोर्स सुरू केला तेव्हा माझ्या हाताखाली एक मांजर होतं, आणि तेही सासूबाईंचंच ऐकायचं.

कोर्सचं पूर्ण नाव 'नेतृत्व आणि कृत्रिम बुद्धिमत्ता'. या दोन्ही गोष्टींची सीमाभागातल्या कोहिनूर गावच्या आमच्या मराठी शाळेत कधी कुणाला गरज पडली नव्हती. पण यंदा मुख्याध्यापक निवृत्त होणार होते, आणि संस्थेच्या सचिवांनी स्टाफरूममध्ये येऊन जाहीर केलं, "जमाना बदलायलाय बगा. ह्यो कोर्स जो चांगल्या मार्कानं काढंल, त्याला हेडमास्तरची खुर्ची."

विज्ञानाच्या पाटील सरांनी त्याच संध्याकाळी नाव घातलं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी घातलं, कारण संध्याकाळी आमच्या घरात रेंज येत नाही. पाटील सर येता-जाता त्या खुर्चीवरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसायचे. एकदा माझ्याच थर्मासमधला चहा पीत ते म्हणाले होते, "मराठीच्या बाईला हेडमास्तर कोण करतंय?" त्या दिवसापासून मला ती खुर्ची हवी होती. (आधीही हवी होतीच, त्या दिवसापासून चहा देणं बंद केलं.)

कोर्समधलं नेतृत्व मला जेमतेम कळत होतं. पण त्यातला तो एआय, त्याने मात्र मला जिंकलं. मी काहीही विचारलं तरी तो आधी म्हणायचा, "आपण अत्यंत मार्मिक प्रश्न विचारलात." लग्न होऊन या घरात आल्यापासून माझ्या प्रश्नाला कुणी मार्मिक म्हटलेलं नव्हतं. आमच्या ह्यांना काही विचारलं तर ते "आँ?" म्हणतात. मी त्या एआयच्या इतकी नादी लागले की भाजी कुठली करू हेही त्यालाच विचारू लागले, आणि तो म्हणाला म्हणून सलग तीन दिवस दोडका केला.

मग शेवटची परीक्षा आली. प्रत्यक्ष एखादं काम हाती घ्यायचं, एआयच्या मदतीने त्याची योजना करायची, माणसं कामाला लावायची आणि ते सगळं फोनवरून बेंगळुरूच्या परीक्षक मॅडमना थेट दाखवायचं. तारीख त्यांनीच दिली. मी कॅलेंडर पाहिलं आणि मटकन खाली बसले. त्या दिवशी येळवस होती.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं माणसांनी भरतात. शेतात कडब्याची कोप उभी करून पांडवांची पूजा करायची, रानभर आंबील शिंपडायची, आणि मग रस्त्याने जाणाऱ्यालासुद्धा हाताला धरून आणून भज्जी वाढायची. (परगावच्या वाचकांसाठी: ही भज्जी तळलेली नव्हे. ओला हरभरा, तूर, वाटाणा, पालेभाज्या आणि बेसन एकत्र शिजवलेली. एकदा खाल्ली की तळलेली भजी पोरखेळ वाटतात.) त्या दिवशी परीक्षा द्यायला घरी थांबते म्हणाले असते, तर सासूबाईंनी मलाच आंबिलीत बुडवलं असतं.

तेव्हा मी ठरवलं की आमची येळवस हेच माझं काम! एआय म्हणाला, "ही अत्यंत अभिनव कल्पना आहे. प्रथम पाहुण्यांची निश्चित संख्या जाणून घ्या." मी लगेच नातेवाइकांच्या ग्रुपवर मतदान टाकलं. 'येळवशीला जेवायला येणार का?' खाली दोन पर्याय: येणार, नाही.

अर्ध्या तासात उत्तरं आली. सगळ्यांनी 'नाही' दाबलं होतं. चिंताकीच्या माझ्या नणंदबाईंनी 'नाही' दाबून खाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. एका चुलत दिराने 'नाही' दाबून वर येळवशीच्या शुभेच्छा दिल्या. मला जरा वाईट वाटलं, पण एआय आनंदात होता. "अभिनंदन! आपल्याला अत्यंत स्पष्ट प्रतिसाद मिळाला आहे. अपेक्षित पाहुणे: शून्य. घरच्या माणसांपुरताच स्वयंपाक करून आपण अन्नाची नासाडी टाळू शकता."

सासूबाई माळ्यावरून मोठा हंडा काढायच्या तयारीत होत्या. मी त्यांना थांबवलं.

"आत्या, हंडा नको. कुणीच येत न्हाईत."

"कोण म्हणालंय?"

"सगळेच म्हणालेत. फोनवर इचारले की मी."

"किती बारी इचारलीस?"

"एकदा."

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भज्जीत मीठच घातलं नाही असं सांगितलंय. "एकदा इचारून येळवस व्हतीय का? परत इचार की."

मी एआयला विचारलं, परत विचारू का? तो म्हणाला, "पुन्हा विचारल्यास पाहुण्यांवर अनावश्यक दबाव येऊ शकतो. त्यांच्या निर्णयाचा आदर करावा." मी सासूबाईंना हे वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "त्याला कोण जेवाय बोलावलंय का कधी?" आणि मांजराला घेऊन आत निघून गेल्या. हंडा माळ्यावरच राहिला. एरवी आम्ही ज्यात दूध तापवतो त्या पातेल्यात भज्जी शिजली.

येळवशीच्या दुपारी मी नवी इरकल नेसून शेतात सज्ज होते. रेंज फक्त ट्रॅक्टरवर येत होती, म्हणून ह्यांनी फोन ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगला उपरण्याने बांधून दिला. पडद्यावर परीक्षक मॅडम आल्या. वयाने माझ्या विद्यार्थिनीसारख्या, आवाज मात्र शिक्षणाधिकाऱ्याचा. मी त्यांना कानडीतून योजना सांगितली. पाहुणे शून्य, नासाडी शून्य, गोंधळ शून्य. मॅडम मान डोलवत होत्या. पाटील सरांच्या रुमालाला आता दुसरं काहीतरी पुसावं लागणार, असं माझ्या मनात आलं.

तेवढ्यात बांधावर जीप थांबली.

तिच्यातून आधी चिंताकीच्या नणंदबाई उतरल्या, मग त्यांचे यजमान, मग मुलं, मग त्यांच्या शेजारची माणसं. मागून टमटम आली. तिच्या मागे शुभेच्छा देणाऱ्या दिराचा ट्रॅक्टर, ट्रॉलीसकट. ट्रॉली रिकामी असती तर गोष्ट वेगळी.

"वन्सं, तुम्ही?" माझा आवाज चिरकला. "तुम्ही तर न्हाई म्हणाल्ता की!"

"मग काय व्हय म्हणू?" नणंदबाईंनी चप्पल काढता काढता मला झापलं. "एकदा इचारल्यावर कोण व्हय म्हणतंय गं? आम्ही काय हावरट हाव का? म्हणलं, परत इचारंल, परत इचारंल. तू इचारलीसच न्हाई. मग म्हणलं, कामात आसंल बिचारी, चला आपणच जाऊ."

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. आमच्याकडे जेवायला या म्हटल्यावर पहिल्यांदा 'नको' म्हणायचं असतं, दुसऱ्यांदा 'आत्ताच जेवलो' म्हणायचं असतं, आणि तिसऱ्यांदा हात धुवायचे असतात. हे मी दूध पिण्याच्या वयापासून जाणते. जन्मभर मी स्वतःही हेच केलं आहे. पण माझ्या प्रश्नाला मार्मिक म्हणणारा कुणीतरी भेटला, आणि मी सगळं विसरून गेले.

ट्रॅक्टरवरून मॅडमचा आवाज आला, "तुमच्या योजनेत पाहुणे शून्य होते ना?"

"हो मॅडम," मी म्हणाले. "हे शून्य चिंताकीहून आलंय."

सासूबाईंनी मला कोपीच्या मागे ओढलं. पातेल्यात घरच्या माणसांपुरती भज्जी, आणि बांधावर अख्खं वऱ्हाड. त्यांचा चेहरा उतरला होता. "सुमन, भज्जी करपली म्हणून सांग. न्हाई तर मांजर तोंड घातलंय म्हण. पण कमी पडली म्हणू नकोस, माझी आई. ह्या घरात येळवशीला आजपतूर कमी पडलं न्हाई. माणसं माझ्या म्हाताऱ्याला नावं ठेवतील."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते माझ्यामुळे आलं होतं. इतका वेळ मला खुर्चीची काळजी होती. आता ती खुर्ची आठवेनाशी झाली. मांजराचं नाव घेणं सोपं होतं. पण पाहुणे उपाशी राहिले असते ते राहिलेच असते. कोर्सच्या चौथ्या धड्यात एक वाक्य होतं की नेत्याने अडचण माणसांपासून लपवू नये. तो धडा मी दोडका चिरता चिरता ऐकला होता, पण तेवढं वाक्य लक्षात राहिलं होतं.

मी सरळ ट्रॅक्टरच्या बॉनेटवर चढले. (इरकल नेसून. कृपया कुणी करून पाहू नये.) आणि शाळेच्या मैदानावर पोरांना ओरडते त्या आवाजात चारी दिशांना ओरडले:

"आवो, आमच्यात भज्जी कमी पडलीय!"

 खाली सासूबाईंनी पदर तोंडावर घेतला. आमचे हे दुसरीकडे बघू लागले, जणू ही बाई ट्रॅक्टरबरोबरच फुकट मिळाली होती. मग पलीकडच्या तुरीतून शेजारच्या शिवप्पा अण्णांचा आवाज आला.

"काय म्हणालाव अक्का? कमी पडली?"

"व्हय अण्णा!"

"खरंच?"

त्या 'खरंच'मध्ये इतका आनंद होता की मी चक्रावले. आणि मग मला कळलं. येळवशीला प्रत्येक घर शंभर माणसांचं रांधतं, आणि खाणारी तोंडं मोजकीच. सगळेच वाढणारे, खाणार कोण? संध्याकाळपर्यंत लोक रस्त्यावर उभे राहून परक्या गाड्या अडवतात आणि जबरदस्तीने वाढतात. अशा दिवशी एका शेतात भुकेली माणसं आहेत, आणि तीही ट्रॉलीभर! ही बातमी वणव्यासारखी पसरली.

"बर्री, बर्री, सगळे बर्री!" असं कानडीत 'या, या' म्हणत शिवप्पा अण्णा स्वतःचा हंडा दोघांकडून उचलून घेऊन आले. त्यांच्या मागून ओढ्यापलीकडचे लोक आंबिलीचा माठ घेऊन निघाले. खालच्या शेतातून गव्हाची खीर आली, वरच्या शेतातून बाजरीचे उंडे आणि शेंगदाण्याच्या पोळ्या. आमच्या बांधावर भांड्यांची रांग लागली आणि भांडण सुरू झालं.

"आधी आमची भज्जी वाढा. आम्ही आधी आलाव."

"तुमची सकाळची हाय. आमची आत्ता उतरवलीय."

"पाहुणे कुणाचे? सुमनबाईचे. बाई सांगतील ते."

आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच इतकी माणसं एकाच वेळी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी बॉनेटवरूनच हुकूम सोडले. अण्णांची भज्जी पहिल्या पंगतीला, ओढ्यापलीकडची दुसऱ्या, खीर सगळ्यांना, आंबील मागेल त्याला. ह्यांना पत्रावळी वाटायला लावलं, ते "आँ?" न म्हणता धावले. नणंदबाईंना पाण्यावर बसवलं. सासूबाईंच्या हातात वाढायचा मोठा डाव दिला, तेव्हा त्यांनी पदर खोचला आणि शिवप्पा अण्णांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमची सून मुद्दाम कमी करायला लावली बगा. म्हणली, समद्यांनी एकत्र जेवाव." मी दुरुस्ती केली नाही.

परीक्षेची वेळ संपून गेली होती, पण मॅडम गेल्या नव्हत्या. स्टिअरिंगवरून त्या शांतपणे पंगती बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "ही सगळी तुमची टीम?"

"हो," मी म्हणाले.

"आणि ते हिरवं-पिवळं काय आहे?"

"भज्जी. या की जेवायला."

"छे, नको, नको," मॅडम म्हणाल्या.

"या हो."

"आत्ताच डबा खाल्ला."

"असं कसं? यायलाच पाहिजे."

 "पुढच्या वर्षी नक्की येते," त्या म्हणाल्या, आणि मला मनापासून आनंद झाला.

निकाल लागला. मी पहिल्या श्रेणीत आले. पाटील सरही पास झाले, पण खालच्या श्रेणीत. त्यांनी एआयकडून शाळेचं वेळापत्रक करून घेतलं होतं आणि त्यात पोरांना जेवणाच्या सुट्टीत कवायत लागली होती. मी थर्मास भरून नेला आणि त्यांना स्वतःहून चहा दिला. सासूबाईंनी तो निकाल सगळ्या गल्लीला वाचून दाखवायला लावला, आणि प्रत्येक वेळी शेवटी "हंडा मीच काढू दिले न्हाई बगा" असं सांगितलं. हेही मी दुरुस्त केलं नाही.

त्याच आठवड्यात सचिवांचा फोन आला. घरात सगळे होते, म्हणून मी तो मोठ्या आवाजावर लावला.

"बाई, संस्थेनं ठरवलंय. खुर्ची तुमची. घेताव का न्हाई?"

ज्या खुर्चीसाठी मी कोर्स केला, दोडका खाल्ला आणि इरकल नेसून बॉनेटवर चढले, ती समोर उभी होती. मी घसा साफ केला आणि म्हणाले, "छे, छे, मला कामून? पाटील सरांना द्या की."

 "बरं," सचिव म्हणाले, "तसं म्हणताव तर..."

सासूबाईंनी झडप घालून फोन हिसकावला. "आवो, परत इचारा की! एकदा इचारल्यावर ती व्हय म्हणतीय का?" आणि सचिवांना परत तोंड उघडायला मिळायच्या आत त्यांनीच सांगून टाकलं, "व्हय म्हणायलीय ती. उद्या सकाळी येऊन बसंल खुर्चीवर."

मी उद्यापासून मुख्याध्यापिका आहे. कोर्सच्या निकालात मला सगळ्यात जास्त गुण 'ठाम निर्णयक्षमता' या विषयात पडले आहेत.